चाल बदलली, साथ सुटली नाही



पोवाडा रंगतो तो एकट्या शाहिराच्या गळ्यावर नव्हे; मागे झीलकरी असतात म्हणून. आज आपण अशाच एका साथीचा विचार करणार आहोत. देश मात्र अमेरिका, आणि गाव डेट्रॉईट, मोटारींच्या कारखान्यांचे.

लेव्ही स्टब्ज, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन हे चार तरुण १९५३ च्या सुमारास एकत्र गाऊ लागले. पुढे ते ‘फोर टॉप्स’ म्हणून गाजले. पण कीर्तीला दहा वर्षे लागली. तोवर क्लबांतून जॅझच्या ढंगाची गाणी गाऊन त्यांनी निर्वाह केला. चौघांचे चार निराळे स्वर एकाच वेळी गुंफायचे, ही त्यांची विद्या.

१९६३ मध्ये ते मोटाऊन कंपनीत आले. तेथील रचनाकारांनी स्टब्जचा भरदार गळा पुढे घेतला, तोही त्याला ताण पडेल अशा उंच पट्टीत. त्या ताणातूनच आर्तता आली. उरलेले तिघे झीलकरी झाले. आपल्यापैकी किती जण असे एक पाऊल मागे सरतील? १९६६ चे ‘रीच आउट आय विल बी देअर’ हे गीत अमेरिकेत व इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले, ते या मागे सरण्यासह.

पुढे ते रचनाकार कंपनी सोडून गेले. १९७२ मध्ये कंपनीनेच लॉस एंजेलिसची वाट धरली. हे चौघे डेट्रॉईटलाच राहिले; त्यांनी दुसरी कंपनी गाठली, मृदू चालींची गाणी म्हटली. मग डिस्कोची लाट आली, ओसरली. आणि १९८१ मध्ये ‘व्हेन शी वॉज माय गर्ल’ने त्यांना पुन्हा लोकांपुढे आणले.

कोणी म्हणेल, वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्यांचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. पण चाल, पट्टी, कंपनी हे सारे बदलत असताना १९९७ मध्ये पेटन निवर्तले तोपर्यंत चौघांपैकी एकही बदलला नव्हता. चव्वेचाळीस वर्षे! बेन्सन २००५ मध्ये, स्टब्ज २००८ मध्ये आणि अखेरचे फकीर २०२४ मध्ये गेले.

आमच्या गावोगावच्या संस्था, मंडळे पाहा. काळ बदलला म्हणून ती मोडली असे आम्ही म्हणतो. खरे पाहता पुष्कळदा पुढे कोणी उभे राहायचे, एवढ्यावरच ती मोडलेली असतात. काळाशी जुळवून घेणे अवघड खरेच; शेजारच्या स्वराशी जुळवून घेणे त्याहून अवघड. त्या चौघांनी आधी हे दुसरे साधले, म्हणून त्यांना पहिले पेलले, असे आम्हांस वाटते.