गोळ्या कधी बंद होणार?

या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस असो वा क्रोन्स, बरं वाटू लागलं की रुग्ण विचारतो, "डॉक्टर, गोळ्या कधी बंद होणार?" आपण "बघू" म्हणतो, आणि त्याचा अर्थ तो आपल्या परीने लावतो. कुणी लग्न ठरलं म्हणून, कुणी दिवस गेले म्हणून, कुणी विम्याची रक्कम संपली म्हणून औषध सोडतं. आपल्याला कळतं ते पुन्हा रक्त पडू लागल्यावर.

औषध थांबवणं हाही उपचारच आहे. ज्या विचाराने आपण औषध सुरू करतो, त्याच विचाराने ते थांबवलं पाहिजे.

पुरावा काय सांगतो? फ्रान्स-बेल्जियममधला स्टोरी अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार शांत असलेल्या ११५ क्रोन्स रुग्णांचं इन्फ्लिक्सिमॅब थांबवलं, तर वर्षभरात सुमारे ४४ टक्क्यांचा आजार उलटला. ज्यांना ते पुन्हा दिलं, त्यांच्यापैकी बहुतेकांना गुण आला. २०२३ च्या स्पेअर चाचणीने पुढचं पाऊल टाकलं. इन्फ्लिक्सिमॅब आणि त्याच्या जोडीचं ॲझाथायोप्रिनसारखं औषध, दोन्ही चालू ठेवलेल्यांत दोन वर्षांत १४ टक्के रुग्णांचा आजार उलटला, इन्फ्लिक्सिमॅब थांबवलेल्यांत ३६ टक्के, आणि जोडीचं औषध थांबवलेल्यांत १० टक्के. म्हणजे दोन औषधं चालू असतील, तर आधी कोणतं कमी करायचं याचं उत्तर आपल्या हाती आलं आहे.

औषधागणिक हिशेब बदलतो. स्टेरॉइड दीर्घकाळासाठी नाहीच. ते टप्प्याटप्प्याने उतरवायचं असतं. मेसालामाइनचा धोका थोडा, मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून केली की पुरते. कोलायटिसमध्ये ते सोडून फारसं काही साधत नाही. ॲझाथायोप्रिन वर्षानुवर्षं घेतल्यास लिम्फोमा आणि त्वचेच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते, म्हणून तिथे प्रश्न पुन्हा विचारलाच पाहिजे. इन्फ्लिक्सिमॅब देताना आपल्या देशात क्षयाची भीती सतत सोबत असते. गुदमार्गाजवळ फिस्तुला झालेला, आतड्याचा तुकडा काढावा लागलेला रुग्ण असेल, तर थांबवण्याची घाई नको. गर्भारपणात मेथोट्रेक्झेटसारखे अपवाद वगळले, तर बहुतेक औषधांपेक्षा उफाळलेला आजारच आई आणि बाळ दोघांना अधिक घातक ठरतो. हे लग्नाआधीच त्या मुलीला आणि घरच्यांना सांगायला हवं.

नुसतं पोट शांत आहे, एवढ्यावर निर्णय घेऊ नये. स्टेरॉइडविना बराच काळ गेलेला असावा, कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर भरून आलेलं दिसावं, रक्ताचे आणि शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनचे आकडे खाली असावेत. थांबवल्यावर पहिलं वर्ष दर तीन-चार महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन तपासावं. त्रास जाणवण्याआधीच त्याचा आकडा बरेचदा वाढतो. आजार उलटला तर काय द्यायचं, हे थांबवतानाच ठरलेलं असावं.

यात रुग्णाचं मत औपचारिकतेपुरतं नसावं. ३६ टक्के हा आकडा एखाद्या तरुणाला परवडेल. परीक्षेच्या वर्षात असलेल्या मुलीला परवडणार नाही. आकडे आपण सांगायचे, ते रुग्णाने स्वतःच्या आयुष्याशी तोलून पाहायचे आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा.

पैशांअभावी थांबलेलं औषध ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे आजार बरा झालेला नसतो, घर थकलेलं असतं. अशा केसपेपरवर "रुग्णाने औषध सोडले" एवढंच लिहून आपण मोकळे होतो, हे मला मान्य नाही. खरं कारण लिहा, स्वस्त बायोसिमिलर मिळतं का पाहा, समाजसेवा विभागाला बोलवा.

माझी विनंती साधी आहे. औषध सुरू कराल त्याच दिवशी, थांबवण्याचा प्रश्न पुन्हा केव्हा विचारायचा, ती तारीख केसपेपरवर लिहा आणि रुग्णाला सांगा. औषध थांबवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवा: कारण काय, पुढे काय झालं. पुढच्या परिषदेला या नोंदी घेऊन या. परदेशी चाचण्यांनी आपल्याला दिशा दिली. आपल्या रुग्णांचं उत्तर आपणच गोळा करायचं आहे.