सांजवेळचं फुलपाखरू

आज ज्या फुलपाखराविषयी सांगणार आहे, त्याची भेट घ्यायची तर ऊन उतरू द्यावं लागतं. दिवसा ते आंब्याखाली, केळीच्या बुंध्याशी, पालापाचोळ्यात बसून असतं. आपलं पाऊल जवळ पडलं की एखादं वाळकं पान उठावं तसं फडफडतं, चार हातांवर पुन्हा बसतं आणि डोळ्यांदेखत नाहीसं होतं. याचं नाव कॉमन इव्हनिंग ब्राऊन. लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली.

फुलांचं याला फारसं आकर्षण नाही. जास्त पिकून गळलेला चिकू, फुटलेला आंबा, झाडाच्या खोडातून पाझरणारा रस, हे त्याचं खाणं. सावलीत केळ्याचा कुजका तुकडा ठेवून पाहा. पंख मिटून ते तासन्‌तास त्यावर बसतं आणि मग आपल्याला सावकाश न्याहाळता येतं.

न्याहाळायचं ते पंखांच्या खालच्या बाजूला. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर तिथे बारीक रेघोट्या असतात आणि कडेने डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ. पक्ष्याची किंवा सरड्याची झडप त्या ठिपक्यांवर पडली, तर पंखाची कड फाटते, पण जीव वाचतो. पाऊस सरल्यावर जन्मलेल्या पिढीत हे डोळे अगदी पुसट होतात, पंखाचं टोक अणकुचीदार होतं आणि रंग पिवळट, विटकरी, करडा, कसाही असतो. दोन फुलपाखरं तंतोतंत सारखी क्वचितच दिसतील. वाळक्या पाचोळ्यात निश्चल बसून राहायचं तर असाच वेश हवा! आणि हा वेश ठरतो अळी असतानाच. त्या दिवसांत हवा किती उबदार, यावर बरंच अवलंबून असतं.

अळी गवतावर वाढते, भातावरही. अंग हिरवं, डोक्यावर दोन शिंगं. म्हणून मला वाटतं, बागेचा एखादा कोपरा खराट्यावाचून राहू द्यावा. पाचोळा पेटवला की त्यात काय काय जळतं हे आपल्याला कळतसुद्धा नाही, आणि गवत मुळापासून खरवडलं तर अळीने खायचं काय?

दिवेलागणीला मात्र हे फुलपाखरू पार बदलतं. सकाळचा आळस जातो, दोन-दोन जण एकमेकांभोवती गिरक्या घेतात, कधी अंगणातल्या दिव्याशीही येतात. पुढच्या पंखावरचा काळा ठिपका, त्यातले दोन पांढरे बिंदू आणि भोवतीची नारिंगी छटा तेव्हाच क्षणभर दिसते. सूर्य मावळल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यासाठी राखून ठेवा.