शिशुगृहे आणि परिचारिका
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेतर्फे केलेले भाषण)



आई नोकरीस जाते व मूल शिशुगृहात जाते, ही गोष्ट आपल्या घरांत आता रूढ झाली आहे. तेथील खेळणी, भोजन व शुल्क यांची आपण चौकशी करतो; परंतु मुलांच्या प्रकृतीकडे कोण पाहते, हे क्वचितच विचारतो.

या बाबतीत गोरगरिबांच्या अंगणवाडीपासून आपण धडा घ्यावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे जे कार्य आरंभिले, त्यातून अंगणवाडीची कल्पना उदयास आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी लसीकरण, आरोग्यतपासणी व संदर्भसेवा या तीन सेवा आरोग्य खात्याच्या साहाय्याने दिल्या जातात. त्यांचा मोठा भार आरोग्यसेविकेवर, म्हणजे लोकांच्या नर्सबाईवर असतो.

मूल रोज दृष्टीसमोर असले, की त्याचे हळूहळू रोडावणे आईच्याही लक्षात येत नाही. परिचारिका मात्र वजन करते, दंडाचा घेर मोजते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा हा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण होय. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर मिळाली की नाही, हे ती पत्रिका पाहून सांगते. जुलाब लागलेल्या मुलास क्षारसंजीवनी कशी द्यावी, हे ती सेविकांना शिकविते. एकाच खोलीत अनेक मुले वावरतात, तेथे एकाचा आजार दुसऱ्यास जडण्यास विलंब लागत नाही. म्हणून ही दक्षता अधिकच अगत्याची.

आमच्या दोन विनंत्या आहेत. आपल्या मुलांच्या शिशुगृहात महिन्यातून एकदा तरी परिचारिका यावी व प्रत्येक मुलाची नोंद ठेवली जावी, असा पालकांनी एकत्र येऊन आग्रह धरावा. त्यासाठी दरमहा थोडे अधिक द्यावे लागले, तर ते आनंदाने द्यावे.

दुसरी विनंती अधिक जिव्हाळ्याची आहे. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणास प्रवृत्त केले, तेव्हा समाजाने नाके मुरडली. आजही मुलगी डॉक्टर झाली तर आपण पेढे वाटतो. तिने परिचारिका व्हायचे म्हटले, की घरात शांतता पसरते. आपली मुले ज्या हातांत निर्धास्त सोपवावीत असे आपणास वाटते, त्या हातांचा व्यवसाय आपल्या कन्यांना कमी कसा ठरतो? संस्थेच्या शिष्यवृत्तीत परिचर्येच्या विद्यार्थिनींसही स्थान मिळावे, अशी आमची सभेस नम्र प्रार्थना आहे.