गोळी एक, जीव दोन



लखनौच्या उत्तरेस सीतापूर रस्त्यालगत जानकीपुरम ही वसाहत आहे. तिच्या विस्तारित भागात केंद्रीय औषध संशोधन संस्था उभी आहे. 1951 साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी प्रासादात पंडित नेहरूंच्या हस्ते जिचे उद्घाटन झाले, तीच ही संस्था. नवे औषध माणसाच्या हाती देण्यापूर्वी अशा ठिकाणी एक प्रश्न आवर्जून विचारला जातो : याने पोटातल्या गर्भाला अपाय तर होणार नाही ना? हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते रक्त गोठू न देणाऱ्या एका जुन्या औषधावरून ध्यानात येईल.

त्याचे नाव वॉरफरिन. 1948 मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि 1954 पासून, मोजक्या मात्रेत, माणसाचे औषध झाले. आपल्या देशात त्याची गरज अनेक तरुण स्त्रियांना पडते. बालपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप निकामी होते, तेथे कृत्रिम झडप बसवावी लागते, आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यावी लागते.

अशा स्त्रीस दिवस गेले, की इकडे आड तिकडे विहीर अशी अवस्था होते. ही गोळी वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. ती 'के' जीवनसत्त्वाच्या कार्यास अटकाव करते; आणि हे जीवनसत्त्व रक्त गोठण्यास जसे हवे, तसेच कूर्चेच्या घडणीसही हवे. म्हणून सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाचे नाक खुरटण्याचा व हाडांच्या टोकांत दोष राहण्याचा संभव असतो. पुढील महिन्यांतही गर्भाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय उरतेच. मात्रा अल्प असेल तर धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

मग गोळी बंद करावी काय? मुळीच नाही. झडपेवर गुठळी धरली, तर आईच्याच प्राणावर बेतते, आणि तिच्यामागोमाग बाळाच्याही. हेपॅरिनचा रेणू मोठा असल्याने तो वार ओलांडत नाही. परंतु झडपेचे रक्षण ते वॉरफरिनइतके खात्रीने करीत नाही. म्हणून कोणत्या महिन्यात गोळी, कोणत्या महिन्यात इंजेक्शन, प्रसूतीपूर्वी बदल केव्हा, हे हृदयरोगाचे व प्रसूतिशास्त्राचे तज्ज्ञ मिळून, वारंवार रक्त तपासून ठरवितात.

हा विचार गर्भ राहण्यापूर्वीच व्हावयास हवा. पाळी चुकल्याचे ध्यानी येऊन दवाखाना गाठेपर्यंत सहावा आठवडा सहज उजाडतो. संकोचापायी झडपेची गोष्ट सासरी झाकून ठेवली, तर ही मोलाची वेळ हातची जाते.

आणि शेवटी दिलाशाचा एक शब्द. वॉरफरिन आईच्या दुधात जवळजवळ उतरत नाही. बाळ सुखरूप हाती आले, की ही गोळी घेणारी माता त्याला निःशंकपणे अंगावर पाजू शकते.