लगद्याची चाळणी



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य असे विषय शोभून दिसतात. कागद कारखान्यात लगदा गाळण्याची जी यंत्रे असतात त्यांवर तासभर बोलू द्या, असे आम्ही म्हटले तेव्हा चालकांनी एकमेकांकडे पाहिले. परंतु नाही म्हटले नाही. त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार. आम्ही पदवीधर नव्हे. शाळा सातवीला सुटली. यंत्रांची इंग्रजी माहितीपुस्तके आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, आणि जे पुस्तकांत नव्हते ते पाळीवरच्या कामगारांनी शिकवले. तेव्हा आज जे सांगू त्यातला निम्मा वाटा त्यांचा आहे.

आता कोणी विचारील, लाखांदुरात कागदाचा कारखाना कुठे आहे? इथे नाही, हे खरे. परंतु वडशाला गोंदियाहून येणारी गाडी धरली की ती नागभीड, मूल, चांदा करीत बल्लारशाहला पोहोचते. त्या गावी वर्धा नदीच्या काठी 1945 साली ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. 1975 मध्ये कंपनीचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झाले. गडचिरोली-चांद्याच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे तिकडे गेला, आणि आपल्या झाडीपट्टीतली माणसेही पोटासाठी त्याच वाटेने गेली. ज्या बांबूचे बुरड सूप विणतो, त्याच बांबूची आपल्या मुलांची वही होते. म्हणून हा विषय परका नाही.

शिवाय इथे धान पिकते. ज्या गोष्टी शहरातल्या सभेत फळ्यावर आकृती काढून समजवाव्या लागतात, त्या इथे सूप आणि चाळणी या दोन शब्दांत सांगता येतात. चाळणी आकार पाहते. कणी खाली पडते, अख्खा तांदूळ वर राहतो. सूप वजन पाहते. तूस उडून जाते, दाणा राहतो, आणि पाखडणारी बाई हलकेच झटका देऊन खडा वेगळा काढते. कागद कारखान्यात लाखो रुपयांची यंत्रे बसवलेली असतात, तीही ही दोनच कामे करतात. तिसरे काम त्यांना येत नाही.

लगदा कसा होतो ते थोडक्यात पाहू. बांबूचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करतात. ते डायजेस्टर नावाच्या प्रचंड कढईत दाहक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या पाण्यात, दाबाखाली, सुमारे 160 ते 170 अंश सेल्सिअस उष्णतेवर शिजवतात. बांबूचे तंतू ज्या नैसर्गिक डिंकाने एकमेकांना चिकटलेले असतात, तो लिग्निन नावाचा पदार्थ विरघळतो आणि तंतू सुटे होतात. हा तंतू जेमतेम दोन मिलिमीटर लांब, आणि जाडीने आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. असे कोट्यवधी तंतू पाण्यातून जाळीवर पसरले, पाणी निथळले, की कागद होतो.

परंतु भात कितीही काळजीने शिजवा, एखादे शीत कच्चे राहतेच. बांबूला तर पेरे आहेत. पेराचा गाठाळ भाग लवकर शिजत नाही. काही तंतूंच्या जुड्या सुटतच नाहीत. कारखान्यात त्यांना शाइव्ह म्हणतात. त्यात जंगलातून आलेली रेती असते, यंत्राच्या गंजाचे कण असतात. रद्दीपासून कागद करायचा असेल तर टाचण्या, प्लॅस्टिक, पुस्तकाच्या पाठीचा गोंद हे सारे येते. हे काढले नाही तर कागदावर काळे ठिपके दिसतात, आणि त्याहून वाईट म्हणजे धावत्या यंत्रावर कागद तुटतो.

पूर्वी हाताने कागद करीत तेव्हा ही अडचण निराळी होती. आपल्या महाराष्ट्रात जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा. तिथला कारागीर हौदातून साचा उचलताना गाठ दिसली तर बोटाने काढून टाकी. डोळा आणि चाळणी एकाच माणसापाशी होती. 1799 मध्ये फ्रान्समधल्या लुई-निकोला रॉबेरने सलग कागद काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्राला वेग आला, पण डोळा गेला. तेव्हा डोळ्याच्या जागी काहीतरी बसवणे भाग पडले, आणि एकोणिसाव्या शतकात बारीक चिरा पाडलेल्या धातूच्या पट्ट्या हलवून लगदा गाळू लागले. आजची यंत्रे ही त्यांचीच नातवंडे.

आता आपण लगद्याबरोबर चालत जाऊ. पहिले यंत्र नॉटर. त्याला सुमारे 8 ते 10 मिलिमीटरची भोके असतात. न शिजलेल्या गाठी इथे अडकतात, आणि बहुधा त्यांना पुन्हा शिजायला पाठवतात. पुढे प्रेशर स्क्रीन. हे बंद पिंप असते. आत पिंजऱ्यासारखी गोल चाळणी, तिला सुमारे 0.15 ते 0.35 मिलिमीटर रुंदीच्या उभ्या चिरा. लगदा दाबाने आत येतो. शंभर भागांत तंतू एक ते तीन, बाकी सारे पाणी. चाळणीच्या अंगाशी पंख्यासारखी पाती फिरत असतात.

ही पाती कशासाठी? लगदा ढवळायला, असे आम्हांसही पहिल्यांदा सांगण्यात आले होते. खरे कारण निराळे आहे. तंतू चिरेपेक्षा कितीतरी बारीक असला तरी एकावर एक पडून त्यांची गादी तयार होते आणि चाळणी बुजते. पाते चिरेजवळून जाताना तिथे क्षणभर ओढ निर्माण होते, पाणी उलटे येते, गादी सुटते. सेकंदातून कित्येक वेळा हे घडते. म्हणजे चाळणी स्वतःला धुते, म्हणूनच ती गाळू शकते. हे वाक्य आमच्या संघटनेच्या बैठकीतही आम्ही पुष्कळदा सांगितले आहे.

चाळणीचे काम झाले की सुपाचे. सेंट्रीक्लीनर हे उभे, खाली निमुळते होत गेलेले नळकांडे. लगदा वरून कडेने वेगात सोडतात, तो भोवऱ्यासारखा फिरतो. रेतीचा कण जड, तो भिंतीकडे फेकला जातो आणि खाली उतरतो. हलका तंतू मधल्या भोवऱ्यातून वर निघून जातो. चिरेतून सहज निसटेल असा बारीक खडा इथे सापडतो. उलट, जी जुडी वजनाने तंतूसारखीच आहे ती इथे सापडत नाही, तिला चाळणीच पाहिजे. म्हणून दोन्ही लागतात. एक बसवले म्हणून दुसरे वाचवले, असे हिशेबनीस म्हणू लागला तर त्याला घरी नेऊन तांदूळ निवडायला बसवावे.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. प्रत्येक चाळणीला दोन तोंडे असतात. एकातून चांगला लगदा पुढे जातो, दुसऱ्यातून गाळ बाहेर पडतो. या गाळाला रिजेक्ट म्हणतात. गाळाबरोबर काही चांगले तंतूही जातात. त्याला इलाज नाही. म्हणून पहिल्या चाळणीचा गाळ दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर घेतात, पाणी घालून पुन्हा गाळतात आणि चांगला तंतू परत आणतात. ही शहाणपणाची रीत. परंतु उत्पादनाची घाई झाली की एक सोपी युक्ती सुचते: गाळाची झडप आवळा! कागदावर आकडा लगेच चांगला दिसतो. मात्र गाळ आत दाटतो, चाळणी बुजते, किंवा दाबाने जुड्या चिरांतून पुढे ढकलल्या जातात. दोष चाळणीत झाला, तो दिसतो पुढे कागदाच्या यंत्रावर, आणि जबाब मागितला जातो तिथे उभ्या असलेल्या कामगाराला.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. नावाचे कारण नाही. तिथे एका यंत्रावर कागद वारंवार तुटू लागला. यंत्रावरच्या माणसांना निष्काळजीपणाबद्दल आरोपपत्रे मिळाली. प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही सभा घेऊन घोषणा देऊ शकलो असतो. पण चाळणीवर काम करणारा कंत्राटी माणूस हळूच म्हणाला, “भाऊ, पिंजरा झिजला आहे. आवाज बदलला त्याचा.” मग आम्ही प्रत्येक पाळीला चाळणीनंतरचा लगदा घेतला, त्याचा पातळ पापुद्रा काढून वाळवला, उजेडापुढे धरला आणि तळहाताएवढ्या जागेतले काळे ठिपके मोजले. चौदा दिवस शाळेच्या वहीत आकडे लिहिले. ज्या पाळीत ठिपके वाढले, त्याच पाळीत कागद जास्त तुटला होता. वही व्यवस्थापकांपुढे ठेवली. त्यांनी चाळणी उघडली. एका ठिकाणी तारा सुटून करंगळी जाईल एवढी फट पडली होती. आरोपपत्रे मागे घेतली गेली.

इथे टाळ्या वाजवाव्यात असे आपल्याला वाटेल. परंतु ज्याने आवाज ओळखला त्याचे कंत्राट पुढच्या महिन्यात संपले आणि नवे झाले नाही. त्याचे नाव हजेरीपटावर परत आणायला आम्हांस अकरा महिने लागले. आम्ही हे कडवटपणाने सांगत नाही. सांगतो ते एवढ्यासाठी की कारखान्यात माणसांचीही चाळणी लागते, आणि तिच्या चिरा कोण पाडतो हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे. कायम आणि कंत्राटी या चिरेतून जो खाली पडतो तो गाळ नव्हे. लगद्याचा गाळ तीनदा तपासतात, त्यात एक चांगला तंतू असेल म्हणून. माणसाला एकदा तरी तपासा, एवढेच आमचे म्हणणे.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. चाळणी बुजली, हौद साफ करायचा झाला, की माणूस आत उतरतो. सल्फाइडने शिजवलेल्या लगद्याच्या कारखान्यात, आणि लगदा साचून कुजला तर कोणत्याही कागद कारखान्यात, हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. कामगार म्हणतात, “वास आला तर बाहेर येऊ.” बंधूंनो, या वायूचा कावा असा की हवेच्या दहा लाख भागांत तो 100 भागांवर गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते, आणि 500 ते 1000 भागांवर तर थोड्याच वेळात माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही राहतो. एकाच खड्ड्यातून दोन-तीन प्रेते निघतात ती अशी.

1948 च्या कारखाने कायद्यातील 36व्या कलमाने सांगितले होते की अशा जागी, बाहेर पडण्याला पुरेशी वाट असल्याशिवाय कोणी उतरू नये. हवा तपासून सक्षम व्यक्तीने लेखी दाखला दिलेला असावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनाचे साधन आणि पट्टा घातलेला असावा, व पट्ट्याच्या दोरीचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे. 2025 च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. कायद्याचे नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले. वायूने आपला स्वभाव बदललेला नाही. म्हणून दाखला, दोरी आणि बाहेरचा माणूस या तीन गोष्टी पाठ करून ठेवा. रोजंदारी बुडेल म्हणून दोरीशिवाय उतरू नका. रोज उद्याही मिळेल.

या सभेत जी तरुण मुले बसली आहेत त्यांतली काही उद्या बल्लारपूरला, नागपूरला, कुठे ना कुठे कारखान्यात जातील. त्यांना आमचे सांगणे थोडेच आहे. यंत्र चालवता आले म्हणजे यंत्र कळले असे समजू नका. ते तसे का चालते, हे विचारा. खिशात वही ठेवा आणि आकडे लिहा, कारण संघटनेच्या शंभर घोषणांपेक्षा चौदा दिवसांच्या खऱ्या आकड्यांना उत्तर देणे कठीण जाते. आणि आपल्यापेक्षा कमी पगाराचा, कंत्राटावरचा माणूस यंत्राबद्दल काही सांगू लागला तर थांबून ऐका. पुष्कळदा यंत्राच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो.

घरी गेल्यावर मुलांच्या वहीचे एक पान दिव्यापुढे धरून पाहा. एखादा काळा ठिपका दिसला तर ती चाळणीतून निसटलेली जुडी असेल. नाही दिसला, तर कोठेतरी कोणीतरी पाळीभर चाळणीपाशी जागा राहिला, असे समजा.