आशाताईंचा हिशेब
(पेण येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



एप्रिल २०२१ मध्ये याच पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायूचे टँकर रुग्णालयांकडे धावत होते. ते आवश्यकच होते. परंतु महासाथ म्हटली की आपल्याला टँकर आणि खाटा आठवतात. ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणारी आशाताई आठवत नाही. रुग्ण अत्यवस्थ होण्यापूर्वीच त्याला हेरण्याचे काम तिचे होते.

सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आता येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात हेच अभिप्रेत होते. त्याची कसोटी २०२० मध्ये लागली. थायलंडमध्ये दहा लाखांहून अधिक आरोग्य स्वयंसेवक होते, एकेकाकडे साधारण १० ते १५ घरे. शहरातून कोण परतले, हे त्यांना शेजारधर्मानेच कळे. उलट इटलीच्या लोंबार्दी प्रांतात रुग्णालये उत्तम, घराजवळची सेवा मात्र क्षीण. रुग्णालयेच संसर्ग पसरवीत असावीत, असे बेर्गामोच्या डॉक्टरांनी मार्च २०२० मध्येच लिहिले. ब्राझीलजवळ तर अडीच लाखांहून अधिक आरोग्यसेवक होते. पण राष्ट्राध्यक्षच साथीची टवाळी करू लागल्यावर त्यांना दिशा कोणी द्यावी? तेव्हा केवळ यंत्रणा असून भागत नाही.

आपल्याकडे एका आशाताईकडे सुमारे हजार लोकसंख्या. त्यातही पेण-रोह्याच्या डोंगराकडील कातकरी वाड्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मार्च २०२०ची टाळेबंदी नेमकी त्याच हंगामात आली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने घरांवरची छपरे नेली. अशा वेळी कोण कोठे आहे, कोणाची बाई बाळंतीण व्हायची आहे, हे वाडीची ओळख असलेल्या माणसावाचून कोण सांगणार? आणि १ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, ती मोबाईलवरील नोंदणीच्या अटीसह! केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची सोय मेअखेरीस झाली. ज्या डोंगरकपारीत फोनला रेंजच नाही, तेथे या अटीचा अर्थ काय होतो, हे तुम्हांला सांगावयास नको.

१५ जून २०२१ रोजी राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने तोडगा निघाला: मानधनात हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. सत्कार झाला, अभिनंदनाचे संदेश निघाले. सरकारदरबारी मात्र ती 'स्वयंसेविका'च राहिली. कामगार म्हटले की वेतन, रजा, निवृत्तिवेतन द्यावे लागते, ही खरी अडचण आहे.

आपणही निर्दोष नाही. खाटांसाठी आपण निवेदने दिली. उपकेंद्राच्या दारात किती जण गेलो? येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: आपल्या आशाताईकडे घरे किती, आणि मागच्या महिन्याचा मोबदला तिला मिळाला का? उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.