घाटमाथ्यावर थांबणें



महोत्सवाच्या या सभेंत सायकलीविषयीं बोलावें, हें कोणास विचित्र वाटेल. परंतु वाईहून पांचगणीस जाणाऱ्या पसरणी घाटांत मला जो धडा मिळाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाहीं.

जानेवारीची पहांट होती. कृष्णाकांठीं धुकें इतकें दाट होतें, कीं पुढच्या गड्याचा दिवा तेवढा दिसे. आमच्या सायकल-मंडळाचे आम्ही नऊ जण निघालों. सपाटीवर एकामागें एक चालावें, असा आमचा रिवाज आहे. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांचे श्रम वांचतात, व थोड्या वेळानें पाळी बदलते. घाटांत मात्र हा लाभ फारसा उरत नाहीं. वेग मंदावतो, आणि आपला भार ज्याचा त्यालाच वर न्यावा लागतो. पांचगणी सुमारें 1,300 मीटर उंचीवर आहे. तेथवर ज्यानें त्यानें आपल्याच दमानें चढावें.

आम्ही चौघे प्रथम माथ्यावर पोहोंचलों. अंगांत घाम आणि बाहेर बोचरा वारा! ओलें वस्त्र शरीराची ऊब झपाट्यानें हरण करतें. थोड्याच वेळांत बोटें बधिर झालीं. मी म्हणालों, "पुढें जाऊन चहा घेऊं, बाकीचे येतील." आमच्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं सदऱ्याखालीं वर्तमानपत्राची घडी सारली, सायकल कठड्यास टेकविली व ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढें. मी थांबतों."

आम्ही गेलों. चौघे सोबती येऊन मिळाले, नववा येईना. तो सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याची साखळी तुटली होती व तो सायकल ढकलीत चढत होता. तासाभरानें ते दोघे बरोबरच आले. मुलगा मला म्हणाला, "वळणावरून काका उभे दिसले नसते, तर मी तेथूनच मागें फिरलों असतों." धुक्यांत, एकटा, गारठलेल्या बोटांनीं ब्रेक दाबीत तो उतार उतरणें म्हणजे काय, हें ठाऊक असल्यानें माझ्यानें चहाचा पेला उचलवेना.

पोप बाराव्या पायस यांनीं 1949 सालीं इटलींतील गिझाल्लोच्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदाती ठरविलें. तिचें लहानसें मंदिर कोमो सरोवराजवळ एका अवघड चढणीच्या माथ्यावर आहे. त्या दिवसापासून मला ती जागा फार योग्य वाटते.

आपल्या तरुणांनीं सहलीस अवश्य जावें. मात्र सर्वांत मागें कोण राहिला, हें विचारल्यावांचून कोणीं माथा सोडूं नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.